अपील की नवा अर्ज?

लेखात ‘जामीन फेटाळला की हायकोर्टात अपील करा’ असं सरसकट लिहिलंय, ते कृपया दुरुस्त करा. खून, दरोड्यासारख्या गुन्ह्यात ठाणे सेशन्सने नकार दिला तर हायकोर्टात अपील नसतं, बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४८३ खाली जामिनाचा नवा अर्ज करावा लागतो. अ‍ॅट्रॉसिटीत मात्र अपीलच, कलम १४-अ, मुदत ९० दिवस. एनआयए (राष्ट्रीय तपास यंत्रणा) कायद्यातही अपीलच, मुदत तर ३०च दिवस. कोर्टाच्या आवारात बायाबापड्या आदेशाची प्रत प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन दिसेल त्याला विचारत फिरतात. माणूस तळोजा जेलमध्ये, हातात पैसा नाही. अशांना एवढं तरी सांगा, की कोठडीतल्या माणसाला विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, हायकोर्टासाठीसुद्धा.