मूळ संख्यांची कसोटी आणि बँकेचे कुलूप

आयआयटी कानपूरच्या एका प्राध्यापकाने आणि दोन विद्यार्थ्यांनी २००२ साली मूळ संख्या ओळखण्याची रीत अचानक शोधली, त्याआधी ते कुणालाच जमत नव्हते आणि त्या शोधामुळे बँक व्यवहारांची गुप्तता धोक्यात आली, असा दावा समाजमाध्यमांवर वारंवार फिरतो. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांचे काम फार मोठे आहे, आणि म्हणूनच त्याचे कौतुक चुकीच्या कारणासाठी होऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आधी बँकेच्या कुलपाविषयी. बँक व्यवहारांसारखे संदेश गुप्त ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए या सांकेतिक पद्धतीची सुरक्षितता मोठ्या संख्येचे अवयव पाडणे अवघड असण्यावर अवलंबून आहे, आणि संख्या मूळ आहे की नाही हे ठरवण्यासाठी अवयव पाडावेच लागतात असे नाही. हे कागदावर करून पाहता येते. मेरुप्रस्तारातील (पास्कलच्या त्रिकोणातील) ५ ची ओळ, म्हणजे (x + १) चा पाचवा घात विस्तारल्यावर मिळणाऱ्या बहुपदीचे सहगुणक, १, ५, १०, १०, ५, १ अशी आहे; टोकांचे एक वगळले तर प्रत्येक संख्येला ५ ने भाग जातो. ६ च्या ओळीत, म्हणजे १, ६, १५, २०, १५, ६, १ मध्ये, १५ ला ६ ने भाग जात नाही, आणि तेवढ्यावरून ६ संयुक्त ठरते. तिचे अवयव २ आणि ३ आहेत हे आपल्याला शोधावे लागलेच नाही. शेकडो अंकी संख्येची अशी अख्खी ओळ लिहिणे मात्र अशक्य आहे. ती ओळ ज्या बहुपदीची, तिला एका लहान बहुपदीने भागून उरणाऱ्या बाकीवर मोजक्या तपासण्या केल्या तरी पुरते, हे या तिघांनी सिद्ध केले. शिवाय आरएसएची किल्ली तयार करायलाच मोठ्या मूळ संख्या लागतात, त्यामुळे अशी कसोटी चोराच्या नव्हे, कुलूप बनवणाऱ्याच्या उपयोगाची आहे.

त्याआधी हे जमत नव्हते, हेही खरे नाही. १९७७ ची सोलोवे-स्ट्रासेन कसोटी आणि १९८० ची राबिनची कसोटी उपलब्ध होतीच. राबिनच्या कसोटीत दर फेरीला एक संख्या चिठ्ठी काढल्यासारखी निवडून तपासणी होते; अशा एका फेरीत संयुक्त संख्या मूळ म्हणून निसटण्याची शक्यता जास्तीत जास्त १/४ असते, आणि ४० फेऱ्यांनंतर ती नगण्य उरते. मिलरची १९७६ ची कसोटी निश्चित उत्तर देई, पण रीमानच्या गृहीतकाच्या विस्तारित, अजून सिद्ध न झालेल्या रूपाच्या आधारावर. कानपूरच्या कसोटीत योगायोगालाही जागा नाही आणि असिद्ध गृहीतकालाही, आणि तिच्या पायऱ्या, तपासायच्या संख्येत अंक किती आहेत त्याच्या एका ठरावीक घाताच्या प्रमाणातच वाढतात. तो घात सुरुवातीला सुमारे १२ होता, त्यामुळे प्रत्यक्ष वापरात आजही मुख्यतः राबिनसारख्याच कसोट्या दिसतात. याने शोधाचे मोल कमी होत नाही, कारण प्रश्न वेगाच्या शर्यतीचा नव्हता. नाणेफेकीच्या आधाराशिवाय हे जलद ठरवता येते का, हा होता.

‘अचानक’ हा शब्द मला सर्वांत जास्त खटकतो. अग्रवाल आणि त्यांचे कानपूरमधील सहकारी सोमेनाथ बिस्वास यांनी १९९९ मध्येच बहुपदींच्या या वाटेने जाणारी, पण यादृच्छिकतेवर, म्हणजे नाणेफेकीसारख्या निवडीवर, अवलंबून असलेली कसोटी मांडली होती, आणि पुढे त्यांच्याच संगणकशास्त्र विभागात बी.टेक.च्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ती वाट चोखाळली. कयाल आणि सक्सेना २००२ मध्ये नुकतेच पदवीधर झाले होते. तिघांचा निबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ या गणिताच्या नियतकालिकात २००४ साली छापून आला आणि २००६ मध्ये त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातील गोडेल पुरस्कार मिळाला. बहुपदींविषयीचा व्यापक प्रश्न, म्हणजे वेगवेगळ्या रीतीने मांडलेल्या दोन बहुपदी एकच आहेत का हे यादृच्छिकतेशिवाय नेहमी जलद ठरवता येईल का, अजूनही सुटलेला नाही, आणि कयाल व सक्सेना या दोघांनीही पुढे त्यावर काम केले आहे.