लिव्हिंग्स्टनची श्रद्धा आणि आमच्या आबांचा हरिपाठ

आज संध्याकाळी नाशिकमध्ये एका व्याख्यानाला गेले होते. विषय होता एकोणिसाव्या शतकातले जगप्रवासी. वक्त्यांची तयारी चांगली होती, नकाशे सुरेख होते आणि पाऊण तास मी मन लावून ऐकत होते. मग आफ्रिकेत आयुष्य घालवलेला स्कॉटिश धर्मप्रसारक आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याचे नाव निघाले आणि वक्त्यांनी एका वाक्यात त्याचा निकाल लावून टाकला: त्याचा धर्म हा नुसता मुखवटा होता, आतला माणूस साम्राज्याचा दलाल होता. सभागृहात टाळ्या पडल्या. घरी येऊन जेवण झाले, भांडी आवरून झाली, तरी ते वाक्य मनातून जात नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

साम्राज्याविषयी आपल्यापैकी कोणालाच ममत्व नाही, हे इथे वेगळे सांगायला नको. पण ज्या श्रद्धेवर एखादा माणूस जन्मभर जगला आणि मेला, तिला इतक्या सहजपणे ढोंग म्हणून मोकळे होणे मला सहन होत नाही. मुखवटा चढवायचा तर समोर पाहणारे कोणीतरी असावे लागते. स्कॉटलंडमधल्या ब्लँटायर गावी दहाव्या वर्षी सूतगिरणीत कामाला लागलेल्या, सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत तुटलेले धागे जोडणाऱ्या आणि यंत्रावरच पुस्तक उघडे ठेवून येता-जाता एकेक वाक्य वाचणाऱ्या मुलाकडे कोण पाहत होते? वडील कडक धार्मिक, त्यांना विज्ञानाच्या पुस्तकांचा संशय यायचा. आणि त्यांनी दिलेले धर्मपर पुस्तक वाचायला नकार दिला म्हणून या मुलाने मारही खाल्ला होता. पुढे १८३२ च्या सुमारास थॉमस डिक या विज्ञानप्रेमी धर्मचिंतकाचे लेखन त्याच्या हाती पडले, विज्ञान आणि ईश्वर यांचे वैर नाही अशी त्याची खात्री पटली आणि त्याने डॉक्टर व धर्मप्रसारक व्हायचे ठरवले. त्याला खरे तर चीनला जायचे होते. अफूच्या युद्धामुळे तो मार्ग बंद झाला, म्हणून तो आफ्रिकेकडे वळला.

इथे मला आमच्या आबांविषयी सांगितलेच पाहिजे, कारण लिव्हिंग्स्टनविषयी वाचताना मला दर वेळी तेच आठवतात. १९७२ चा दुष्काळ होता, मी दहा वर्षांची होते आणि आमचे गाव सिन्नर तालुक्यात, जिथे चांगल्या सालीही पावसाचा भरवसा नसतो. आबा, म्हणजे माझे आजोबा, माळकरी. दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी ओट्यावर बसून हरिपाठ म्हणायचा, हा त्यांचा नेम त्या वर्षीही चुकला नाही. एका संध्याकाळी मी त्यांना विचारले, "आबा, तुम्ही रोज एवढं देवाचं म्हणता, मग पाऊस का पडत नाही?" ते म्हणाले, "पावसासाठी म्हणत असतो ना पोरी, तर मागल्याच साली सोडून दिलं असतं."

आता कोलोबेंगची गोष्ट ऐका. आजच्या बोत्स्वानातले हे ठिकाण. तिथे लिव्हिंग्स्टन बाक्वेना लोकांमध्ये राहत होता आणि तिथेही पावसाने अशीच पाठ फिरवली होती. बाक्वेनांचे म्हणणे सरळ होते: तू आम्हांला आवडतोस, पण तुझी ही प्रार्थना आणि प्रवचने थांबव, कारण शेजारच्या ज्या टोळ्या प्रार्थना करत नाहीत त्यांच्याकडे पाऊस पडतो आहे. १८५७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवर्णनात लिव्हिंग्स्टनने एका पाऊस पाडणाऱ्या वैद्याशी झालेला संवाद दिला आहे. मी तो निदान दहा वेळा वाचला असेल. तो वैद्य म्हणतो की, तूही वैद्य आणि मीही वैद्य. तुझ्या औषधाने रोगी बरा झाला तर देवाने केलेल्या कामाचे श्रेय तू घेतोस. माझ्या औषधानंतर पाऊस आला तर मीही तसेच करतो. रोगी दगावला म्हणून तू तुझ्या औषधावरचा विश्वास सोडत नाहीस, मग पाऊस आला नाही म्हणून मी माझा का सोडावा? लिव्हिंग्स्टनने हा युक्तिवाद कुठेही विकृत केलेला नाही, आणि या लोकांपैकी एकालाही आपण पटवू शकलो नाही अशी कबुलीही दिली आहे. दलाल असे लिहितो काय? ज्याला आपला माल खपवायचा आहे तो समोरच्याचे उत्तर आपल्यापेक्षा सरस झालेले छापून ठेवील काय?

व्याख्यानानंतर चहा घेताना कोणीतरी हसत म्हणाले की, त्याने जन्मात एकच माणूस बाटवला आणि तोही टिकला नाही. हे ऐकून मला अधिकच राग आला, आणि त्यातला थोडा राग खुद्द लिव्हिंग्स्टनवर आहे हेही प्रामाणिकपणे लिहिते. तो एकच माणूस म्हणजे बाक्वेनांचा प्रमुख सेचेले. सेचेले स्वतः नावाजलेला पाऊस पाडणारा होता आणि पहिल्याच दिवशी त्याने मुळाक्षरे शिकून घेतली होती. जगाच्या अंती देव सर्वांचा निवाडा करील त्या न्यायाच्या दिवसाविषयी प्रथम ऐकल्यावर त्याने विचारले की, तुमचे पूर्वज आणि आमचे पूर्वज एकाच काळात होते, मग ही भयंकर गोष्ट आमच्या लोकांना कळवायला तुमच्या पूर्वजांनी कोणालाच का पाठवले नाही. आमचे सगळे तर अंधारातच निघून गेले. या प्रश्नाला आजही माझ्याजवळ उत्तर नाही. या माणसाने एक पत्नी ठेवून बाकीच्यांना सन्मानाने माहेरी पाठवले, दुष्काळ चालू असताना आपल्या लोकांचा रोष पत्करला आणि १ ऑक्टोबर १८४८ रोजी बाप्तिस्मा घेतला. काही महिन्यांतच त्या पाठवलेल्या स्त्रियांपैकी एकीला त्याच्यापासून दिवस गेल्याचे कळले आणि लिव्हिंग्स्टनने त्याला प्रभुभोजनाच्या विधीतून बाहेर काढले.

त्या दुष्काळातल्या संध्याकाळी आमच्या ओट्याखाली, पायरीवर, कामावरचा एक माणूस येऊन बसला होता. भुकेपोटी त्याने मटण खाल्ले होते, गळ्यातली माळ काढून मुठीत धरली होती आणि वर यायला तो धजत नव्हता. आबांनी हरिपाठ थांबवला नाही. म्हणता म्हणताच थोडे सरकून त्यांनी आपल्या शेजारी जागा केली आणि हाताने त्याला बोलावले. लिव्हिंग्स्टनला सेचेलेसाठी असे सरकता आले नाही. लिव्हिंग्स्टनप्रमाणे आबांना कोणत्या संस्थेला अहवाल पाठवायचा नव्हता, हे मान्य. तरीही ज्या सेचेलेला त्याने बाहेर काढले, तोच पुढे कित्येक वर्षे आपल्या लोकांना स्वतः बायबल शिकवत राहिला आणि त्या प्रदेशात हा धर्म परक्या पाद्र्यांपेक्षा त्याच्यामुळेच अधिक पसरला. लिव्हिंग्स्टनने मात्र त्याला आपले अपयश मानले. हा राग मला येऊ शकतो, कारण त्याची श्रद्धा खरी होती. मुखवट्याशी कोणी भांडत नाही.

आणि ती खरी होती याची खूण मला १४ जानेवारी १८५६ च्या त्याच्या नोंदीत सापडते. लोआंग्वा नदी झांबेझीला मिळते तिथे स्थानिक प्रमुखाचे सशस्त्र लोक जमले होते आणि रात्री गुपचूप नदी ओलांडावी असे त्याच्या मनात आले होते. मग त्याने मत्तयच्या शुभवर्तमानातले, मी शेवटपर्यंत तुमच्याबरोबर आहे, हे येशूचे वचन काढले आणि लिहिले की हा अत्यंत सचोटीच्या सद्गृहस्थाचा शब्द आहे, तेव्हा विषय संपला. मी चोरून जाणार नाही. दुसऱ्या दिवशी तो उजेडात नदी उतरला. दिलेला शब्द पाळणारा माणूस, इतक्या साध्या नात्याने तो देवाकडे पाहत होता.

व्यापार आणि ख्रिस्ती धर्म यांचा मार्ग मोकळा करायला आपण परत जात आहोत, असे तो १८५७ मध्ये केंब्रिजला म्हणाला होता आणि त्या मार्गाने पुढे बंदुका गेल्या, हे नाकारता येत नाही. पत्नी मेरीची त्याने फार हेळसांड केली, हेही खरे.

पण त्या व्याख्यानाला बसलेल्या नाशिककरांपैकी किती जणांना ठाऊक असेल की, या माणसाच्या अखेरच्या प्रवासाची वाट आपल्या गावातून जाते? रोज ज्या शरणपूर रस्त्यावरून आपण जातो, तिथे चर्च मिशनरी सोसायटीने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांसाठी आश्रम चालवला होता. ५ जानेवारी १८६६ ला मुंबईहून निघताना लिव्हिंग्स्टनने इथले नऊ तरुण बरोबर घेतले. त्यांच्याबरोबर चुमा होता, ज्याला १८६१ मध्ये गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते आणि जो मधली दीड वर्षे मुंबईत डॉ. जॉन विल्सन या धर्मप्रसारकांच्या देखरेखीखाली राहिला होता. पुढची सात वर्षे ताप, रक्तस्राव आणि उपासमार यांची होती. १५ जुलै १८७१ रोजी आजच्या काँगोतल्या न्यांग्वेच्या बाजारात गुलामांच्या व्यापाऱ्यांनी केलेल्या गोळीबारात शेकडो माणसे, त्यांत बहुतेक बायका, गोळ्या लागून आणि जीव वाचवताना नदीत बुडून मेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली. त्याला शोधत आलेला पत्रकार स्टॅन्ली भेटला, परत चला म्हणाला, तरी तो गेला नाही. १९ मार्च १८७२ च्या वाढदिवशी त्याने रोजनिशीत लिहिले की, माझ्या येशू, माझ्या राजा, माझ्या जीवना, मी पुन्हा स्वतःला सर्वस्वी तुला वाहतो. आपल्या माणसांपासून इतक्या दूर, आफ्रिकेच्या आत, हे तो कोणाला दाखवण्यासाठी लिहीत होता?

मे १८७३ च्या पहिल्या दिवशी पहाटे, आजच्या झांबियातल्या चिताम्बोच्या गावी, तो बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळला. वेदनेने तसा बसला असेल, असे कोणी म्हणेल, असेलही. त्याचे हृदय तिथल्याच झाडाखाली पुरले गेले आणि अंत्यविधीची प्रार्थना जेकब वेनराइटने वाचली. हा जेकब शरणपूरला शिकलेला होता. मग चुमा, लिव्हिंग्स्टनचा जुना सेवक सुसी आणि त्यांच्या साथीदारांनी ते शव हजार मैलांहून अधिक चालून सुमारे नऊ महिन्यांत किनाऱ्यावर आणले. त्यांना हे करायला कोणी सांगितले नव्हते आणि सांगणारा तर मेला होता. आजच्या व्याख्यानात जेकबचे नावसुद्धा निघाले नाही, याचे मला टाळ्यांपेक्षाही जास्त वाईट वाटले.

हे लिहिता लिहिता संध्याकाळचा राग बराच निवळला आहे आणि पुन्हा आबाच समोर येत आहेत. त्यांच्या हातांना खडी फोडून चिरा पडल्या होत्या, म्हणून त्या वर्षी ते टाळ वाजवत नसत, नुसतेच म्हणत. १९७३ च्या जूनमध्ये पाऊस आला. सारे गाव अंगणात उभे राहून भिजत होते. आबा थोडा वेळ आमच्यात उभे राहिले, मग अंग पुसून ओट्यावर बसले आणि रोजचाच हरिपाठ, रोजच्याच लयीत, पहिल्या अभंगापासून म्हणू लागले.