इंग्रजी वाक्य प्रिपोझिशनवर संपले म्हणून ते चुकत नाही

इंग्रजी शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या मराठी मंडळींत एक ‘सुवर्णनियम’ वारंवार फिरत असतो. त्याचा आशय असा: इंग्रजीत प्रिपोझिशन (‘इन’, ‘ऑन’, ‘फ्रॉम’ असा संबंध दाखवणारा शब्द) नेहमी नामाच्या आधी येते आणि त्याच्या पाठोपाठ नाम किंवा सर्वनाम आलेच पाहिजे, म्हणून प्रिपोझिशनवर संपणारे वाक्य अशुद्ध होय, इंग्रज व्याकरणकारांनी हे फार पूर्वीच ठरवून टाकले आहे, ‘व्हेअर आर यू फ्रॉम’ ही बोलण्यातली सैल भाषा असून लेखनात ती चालत नाही, आणि मराठी विद्यार्थ्यांनी एवढा एक नियम पाळला, तर त्यांच्या चुका आपोआप कमी होतात. यातले प्रत्येक विधान एक तर चुकीचे आहे किंवा अर्धेच खरे आहे, आणि शेवटच्या विधानामुळे तर विद्यार्थ्यांचे प्रत्यक्ष नुकसान होते.

आधी मूळ गृहीतक पाहू. ‘ऑन द टेबल’, ‘विथ माय ब्रदर’ अशा रचनांत प्रिपोझिशनच्या मागून नामपदबंध (नाम आणि त्याला जोडलेले शब्द) येतो आणि इंग्रजीतला सर्वांत नेहमीचा क्रम तोच आहे, हे मान्यच. परंतु जे नेहमीचे आहे ते अनिवार्य असतेच असे नाही. ‘फ्रॉम अंडर द टेबल’ या रचनेत ‘फ्रॉम’च्या लगेच पुढे नाम नसून दुसऱ्या प्रिपोझिशनचा पदबंध आहे, आपणही ‘टेबलाखालून’ म्हणताना ‘खाली’वर आणखी एक प्रत्यय चढवतोच. ‘इन शॉर्ट’मध्ये ‘इन’च्या पुढे विशेषण येते. ‘आफ्टर लंच’मध्ये नाम येते, तर ‘आफ्टर ही लेफ्ट’मध्ये अख्खे उपवाक्य. शालेय पुस्तके या दुसऱ्या ‘आफ्टर’ला उभयान्वयी अव्यय म्हणून वेगळ्या खणात टाकतात. पण कर्म घेणारे आणि न घेणारे क्रियापद आपण क्रियापदच मानतो, मग प्रिपोझिशनला वेगळा न्याय का, हा प्रश्न डॅनिश अभ्यासक ऑटो येस्पर्सन यांनी १९२४ मध्येच उपस्थित केला होता आणि भाषाशास्त्रज्ञ हडलस्टन व पुलम यांच्या २००२ च्या इंग्रजीच्या बृहद् व्याकरणाने तीच भूमिका विस्ताराने मांडली.

याहून महत्त्वाची बाब अशी की ज्या वाक्यांच्या शेवटी प्रिपोझिशन दिसते, त्यांतल्या बहुतेकांत त्याचे नाम नाहीसे झालेले नसते. ते फक्त आधी येऊन गेलेले असते. ‘हू आर यू वेटिंग फॉर?’ या प्रश्नात ‘फॉर’चा संबंध ‘हू’शीच आहे. इथे निदान ‘फॉर हूम आर यू वेटिंग?’ हा पर्याय तरी आहे, जरी रोजच्या बोलण्यात तो कृत्रिम वाटतो. पण पुष्कळ ठिकाणी असा पर्यायच नसतो. ‘द हाउस दॅट वुई लिव्ह इन’ यातला ‘इन’ उचलून ‘दॅट’च्या आधी ठेवला, तर ती इंग्रजीच राहत नाही. ‘द डॉक्टर वॉज सेंट फॉर’ हा कर्मणी प्रयोग आहे आणि त्यातला ‘फॉर’ पुढे हलवायला जागाच नाही. ‘ही इज हार्ड टु टॉक टु’ या वाक्यातल्या दुसऱ्या ‘टु’चे तेच. ‘व्हॉट इज युअर न्यू टीचर लाइक?’ हा साधा प्रश्न ‘लाइक’ आरंभी नेऊन विचारून पाहावा, अर्थच हरवतो. नियम खरा मानला, तर ही सगळी निर्दोष वाक्ये भाषेतून हद्दपार करावी लागतील.

दुसरा मुद्दा व्याकरणकारांच्या निर्णयाचा. या आक्षेपाची सर्वांत प्रसिद्ध नोंद सापडते ती व्याकरणाच्या ग्रंथात नव्हे, तर कवी व नाटककार जॉन ड्रायडन यांच्या १६७२ च्या एका निबंधात. आधीच्या पिढीतले नाटककार बेन जॉन्सन यांची एक ओळ ‘फ्रॉम’वर संपते, याला ड्रायडन यांनी दोष म्हटले आणि तोच दोष अलीकडे आपल्याही लेखनात आढळल्याचे नमूद केले. हा दोष का, याचे कारण मात्र तिथे दिलेले नाही. पुढे १६८४ मध्ये त्यांनी आपल्या नाट्यकाव्यविषयक जुन्या निबंधाची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा अशी वाक्ये बदलून घेतली. ही एका मोठ्या लेखकाची अभिरुची होती, भाषेचा नियम नव्हे. ड्रायडन यांच्या कितीतरी शतके आधीच्या प्राचीन इंग्रजीतही संबंधी उपवाक्यांत (‘जो’, ‘जे’ अशा अर्थाच्या उपवाक्यांत) प्रिपोझिशन असे मागे राहत असे. डॅनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन या जवळच्या भाषांत तर ते आजही सर्रास राहते. लॅटिनमध्ये असे होत नाही, हे खरे. परंतु इंग्रजी ही लॅटिनची मुलगी नव्हे.

ज्यांच्या नावावर हा नियम हमखास खपवला जातो, त्या रॉबर्ट लाउथ यांनी तर बंदी घातलेलीच नाही. पुढे लंडनचे बिशप झालेल्या लाउथ यांनी आपल्या १७६२ च्या व्याकरणात म्हटले ते असे की, ही लकब संभाषणात रूढ आहे आणि सलगीच्या लेखनशैलीला ती शोभते. मात्र गंभीर, भारदस्त शैलीत प्रिपोझिशन आधी ठेवणे अधिक डौलदार आणि अधिक सुबोध ठरते. त्यांचे हे विधान मुळात वाचावे, कारण आपली भाषा या लकबीकडे फार झुकते, असे सांगणारे त्यांचे ते वाक्यांगच ‘टु’वर संपते. १९२६ मध्ये इंग्रज कोशकार फाउलर यांनी आपल्या प्रसिद्ध वापरकोशात या तथाकथित नियमाची गणना अंधश्रद्धेत केली. तेव्हा अधिकारी पुरुषांचा हवाला द्यायचाच असेल, तर तो नियमाच्या विरोधातच जातो.

नियमाची टर उडवण्यासाठी चर्चिल यांच्या तोंडी घातलेले एक वाक्यही फिरते, ज्यात ‘पुट अप विथ’ (सहन करणे) यातले ‘अप’ आणि ‘विथ’ दोन्ही पुढे ओढून ‘अप विथ व्हिच आय विल नॉट पुट’ अशी हास्यास्पद रचना केलेली आहे. ते चर्चिल यांचे असल्याला भक्कम आधार नाही, शिवाय पुरावा म्हणूनही ते कच्चे आहे: त्यातला ‘अप’ क्रियापदाला चिकटलेला असल्याने तो हलवा असे नियमाचे कडवे समर्थकही म्हणणार नाहीत. आपली बाजू खरी असताना असल्या वाक्याचा आधार घेऊ नये.

औपचारिक लेखनाविषयीच्या मुद्द्यात तथ्यांश आहे आणि तो मान्य केला पाहिजे. ‘द कमिटी टु व्हिच द रिपोर्ट वॉज सबमिटेड’ ही रचना कार्यालयीन अहवालात शोभून दिसते. ‘टु व्हॉट एक्स्टेंट’, ‘द मॅनर इन व्हिच’ अशा ठरून गेलेल्या प्रयोगांत प्रिपोझिशन आधीच असते, आणि ‘ड्युरिंग’ सहसा मागे सोडला जात नाही. ‘व्हेअर आर यू गोइंग टु?’ हे वाक्य अनेकांना खटकते, त्याचे कारण ‘टु’ शेवटी आला हे नसून ‘व्हेअर’मध्ये दिशेचा अर्थ आधीच असल्याने तो अनावश्यक ठरतो, हे आहे, ‘व्हेअर आर यू फ्रॉम?’ मधला ‘फ्रॉम’ काढला, तर मात्र प्रश्नच बदलतो. म्हणजे निवड शैलीची आणि अर्थाची आहे, शुद्धाशुद्धतेची नाही.

आता मराठी विद्यार्थ्यांच्या सोयीचा मुद्दा, जो मला सर्वांत गंभीर वाटतो. मराठीत ‘मी ज्या खुर्चीवर बसतो ती खुर्ची’ असे म्हणता येते, तसेच ‘मी बसतो ती खुर्ची’ असेही म्हणता येते, आणि दुसऱ्या रचनेत ‘वर’ पूर्णपणे गळून पडतो. ‘लिहायला पेन दे’, ‘बोलायला कोणी नाही’ या वाक्यांतही ‘ने’ किंवा ‘शी’ उच्चारावा लागत नाही. संदर्भ ते काम करतो. इंग्रजी ही सवलत देत नाही. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याची स्वाभाविक चूक प्रिपोझिशन शेवटी ठेवण्याची नसते, ते गाळण्याची असते: ‘द चेअर आय सिट’, ‘आय हॅव नो वन टु टॉक’. अशा मुलाला प्रिपोझिशनवर वाक्य संपवू नकोस असे बजावले, की त्याची चूकच नियम बनते. जो विद्यार्थी अधिक काळजी घेतो, तो दोन्हीकडे पाय ठेवतो आणि ‘द सिटी इन व्हिच आय लिव्ह इन’ असे दुहेरी प्रिपोझिशन लिहून बसतो. हे वाक्य मात्र खरोखरच अशुद्ध आहे आणि ते या सुवर्णनियमाच्या धाकातून जन्मते.

शेवटचे प्रिपोझिशन किती काम करते, ते एका उदाहरणातून स्पष्ट होते. ‘समथिंग टु राइट विथ’ म्हणजे पेन किंवा पेन्सिल, ‘समथिंग टु राइट ऑन’ म्हणजे सहसा कागद, आणि ‘समथिंग टु राइट अबाउट’ म्हणजे विषय. मराठीत तिन्हींसाठी ‘लिहायला काहीतरी’ एवढ्यावर भागते, म्हणूनच इंग्रजीतला हा फरक वर्गात मुद्दाम शिकवावा लागतो. त्यासाठी साधी पद्धत अशी: आधी पूर्ण विधान करायला लावावे, ‘आय राइट विथ अ पेन’, ‘आय सिट ऑन द चेअर’, मग नाम पुढे काढून ‘अ पेन टु राइट विथ’, ‘द चेअर आय सिट ऑन’ अशी रचना करून घ्यावी आणि मूळ विधानातले प्रिपोझिशन नव्या रचनेत एकदाच, पण नक्की आले आहे की नाही, हे विद्यार्थ्यालाच तपासू द्यावे.