तो फॉरवर्ड वाचून लक्सफॉरमॅट मारू नका

परवा रात्री अमळनेरहून भाच्याचा फोन. “मामा, हाई मोठ्या अक्षरमा येस लिखाले सांगी ऱ्हायनं. लिखू का?” वरची ओळ वाच म्हटलं. डेटा कायमचा पुसला जाईल, असं क्रिप्टसेटअप, म्हणजे लिनक्सवर डिस्क एन्क्रिप्ट करायचं टूल, स्वतःच बजावत होतं. “आधी कीबोर्डवरून हात काढ,” म्हटलं. त्या डिस्कवर जिनिंगचे पाच वर्षांचे हिशोब आहेत.

कारण निघालं एक फॉरवर्ड. इकडच्या कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपांत महिनाभर फिरतोय. त्याचं म्हणणं: लिनक्सवर एन्क्रिप्ट केलेल्या पार्टिशनची (डिस्कच्या एका भागाची) साइझ बदलता येत नाही, बदलायचीच तर आधी एन्क्रिप्शन काढा, आणि काही बिघडलं तर लक्सफॉरमॅट (नवं एन्क्रिप्शन मांडायची क्रिप्टसेटअपची कमांड) करून जुनाच पासवर्ड द्या, डेटा परत दिसतो.

शेवटचं आधी घेतो, कारण तेच घर बुडवणारं आहे. तुमच्या पासवर्डने डेटा कुलूपबंद होतच नाही. तो होतो मशीनने स्वतः बनवलेल्या एका रँडम किल्लीने. ती किल्ली पार्टिशनच्या सुरुवातीला, हेडरमध्ये, बंद डबीत असते, आणि पासवर्ड फक्त ती डबी उघडतो. लक्सफॉरमॅट जुनी डबी पुसून नवी ठेवतं, आत नवी किल्ली. पासवर्ड अक्षरन् अक्षर तोच असला तरी आतली किल्ली वेगळी, म्हणजे जुना डेटा कचरा. हेडरचा बॅकअप आधीच घेतला नसेल तर कुणीही तो परत आणू शकत नाही, पुण्याचा डेटा रिकव्हरीवालाही नाही. आणि तो बॅकअप लक्सहेडरबॅकअप या एका कमांडचं काम आहे. लक्स म्हणजे लिनक्सची डिस्क एन्क्रिप्ट करायची पद्धत; तिची दुसरी आवृत्ती, लक्स २, असेल तर साधारण १६ एमबीची फाइल. पेनड्राइव्हवर टाका, त्याच डिस्कवर नको.

साइझ बदलता येत नाही? क्रिप्टसेटअपच्या स्वतःच्या प्रश्नोत्तरांत हा प्रश्न आहे आणि उत्तर ‘येते’ असं आहे. लक्स १ पार्टिशनची लांबी नोंदवतच नाही, लक्स २ नेहमीच्या मांडणीत ‘जेवढं डिव्हाइस तेवढं’ धरतं. प्रत्येक सेक्टर, म्हणजे डिस्कचा छोटा तुकडा, आपापल्या नंबराने वेगळा एन्क्रिप्ट होतो. गल्लीच्या टोकाला चार घरं वाढली म्हणून पहिल्या घराचा नंबर बदलतो का?

भाच्याचं झालं होतं एवढंच की त्याने पार्टिशन वाढवलं, पण आतले थर तसेच राहिले, म्हणून जागा जुनीच दिसत होती. वाढवताना बाहेरून आत यायचं: पार्टिशन, मग क्रिप्टसेटअप रिसाइझ, मग एलव्हीएमचं (जागा वाटून देणाऱ्या थराचं) पीव्ही आणि एलव्ही, म्हणजे मूळ जागा आणि त्यातून कापलेला भाग, शेवटी फायली ठेवणारी फाइलसिस्टिम. मशीन बंद करून पुन्हा चालू केलं तर लक्स आपोआप पूर्ण मापाने उघडतं, तेव्हा त्याला पुढच्या तीनच कमांड लागल्या. ईएक्सटी४, म्हणजे लिनक्सची नेहमीची फाइलसिस्टिम, चालू मशीनवर वाढतं.

एन्क्रिप्शन आधी काढा, यावर काय बोलायचं. अख्खी डिस्क पुन्हा लिहायची, तासन् तास, आणि मग परत एन्क्रिप्ट करायची. कशासाठी?

आता एक गोष्ट मान्य करावी लागेल. लहान करताना क्रम उलटा, आतून बाहेर. ईएक्सटी४ अनमाउंट करूनच आवळता येतं, आणि आधी पार्टिशन कापलं तर फाइलसिस्टिमचं शेपूट तुटतं. मोकळी जागा डावीकडे, म्हणजे पार्टिशनच्या आधी, असेल तर हेडरसकट सगळा डेटा सरकवावा लागतो. त्यात मध्येच लाइट गेली तर? आपल्याकडच्या लोडशेडिंगात मी तरी ते करणार नाही, सरळ बॅकअप घेऊन नव्याने इन्स्टॉल करेन. तेवढ्यापुरता फॉरवर्डवाला बरोबर.

हे सगळं मी त्या ग्रुपवर टाकलं. ज्याने फॉरवर्ड टाकला होता त्याने अंगठा दिला. फॉरवर्ड अजून तिथेच आहे.