आमच्या आईंचं रील कुणाला आलं असेल तर

आज सकाळी आईंना घेऊन बडोद्याच्या खंडेराव मार्केटमधून बाहेर पडले. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय त्र्याऐंशी. फुलवाल्यांच्या बाजूला रिक्षा बघत उभ्या होतो, तेवढ्यात कॉलेजची दोन पोरं थबकली. एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं, सरळ आईंच्या तोंडासमोर येऊन वाकला आणि म्हणाला, "बा, हुं कोण?" म्हणजे, आजी, मी कोण? दुसऱ्याच्या हातात मोबाइल सुरूच होता. आईंनी माझा दंड असा घट्ट धरला की अजून बोटांचे वळ आहेत. मी गुजरातीतून जे काही बोलायचं ते बोलले. त्यावर उत्तर काय, तर "मासी, मस्ती करीए छीए." शेवटी फुलं विकणाऱ्या बाईने हातातला पाण्याचा मग उगारला तेव्हा ते निघाले.

घरी येऊन दोन तास झाले, माझं डोकं शांत होत नाही. म्हणून लिहितेय.

ही पोरं आईंना ओळखतात कशी? रीलमुळे. माझ्या पुतण्याने दिवाळीत केलेल्या.

आईंना डिमेन्शिया आहे. जुनं सगळं लख्ख आठवतं, सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही, माणसं कधी ओळखू येतात, कधी नाही. दिवाळीच्या पाडव्याला हा मुलगा त्यांच्यासमोर बसला, फोन उशीला टेकवून ठेवला आणि विचारलं, "आजी, मी कोण?" आईंनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "गॅसचं सिलिंडर घेऊन आलात ना? बसा, चहा ठेवते." एवढंच. त्यावर त्याने हसण्याचा आवाज लावला, आईंच्या डोक्यावर प्रश्नचिन्हं नाचवली आणि दिलं सोडून. लाखो लोकांनी बघितलं. खाली कमेंट: "क्यूट दादी", "माझी आजी पण अशीच", हसून डोळ्यांतून पाणी येणारे चेहरे.

मला सांगा, यात हसण्यासारखं काय आहे? दारात आलेला माणूस कोण हे कळत नाही, तरी त्याला चहा विचारल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही, हे ज्या बाईच्या हाडात मुरलंय, तिच्यावर हसायचं?

ही बाई कोण आहे ते त्या लाखोंपैकी एकालाही माहीत नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, मुलींनासुद्धा. मुलीला शाळेत न धाडणाऱ्या बापाला दंड होता. त्या दंडाच्या भीतीने आईंची आई शाळेत गेली, आणि आई स्वतः शिक्षिका झाल्या. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात आजही पन्नाशी-साठी ओलांडलेले गृहस्थ रस्त्यात वाकून नमस्कार करतात. त्यांना आई "बाळ, अक्षर सुधारलं का?" असं विचारतात आणि ते खरंच "हो बाई" म्हणतात. त्यांच्यापैकी कुणी फोन काढत नाही.

टीव्हीने तर म्हाताऱ्या बाईची आधीच वाट लावून ठेवली होती. २००१ साली मी लग्न होऊन बडोद्यात आले. घरोघरी हिंदी आणि मराठी मालिकांमध्ये सासू-सुनांची कारस्थानं रंगात आली होती. माहेरी गेले की मावशी, मामी, शेजारच्या काकू, सगळ्यांचा एकच प्रश्न, "सासू कशी आहे ग?" आणि डोळ्यांत अशी उत्सुकता की मी काहीतरी भयंकर सांगावं. माझ्या सासूने मला गुजराती बाराखडी शिकवली, रोज रात्री ओटा आवरल्यावर, कारण त्याशिवाय इथे नोकरी लागणार नव्हती. हे ऐकून लोक हिरमुसायचे. त्या मालिकांतल्या सासवा भरजरी साड्या नेसून झोपत, स्वयंपाकघरात त्यांचा गॅस कधी पेटत नसे, आणि आपण त्यांच्यावरून आपल्या घरांना जोखत होतो. पडद्यावरची म्हातारी एक तर विष कालवणारी, नाही तर देव्हाऱ्यापुढे बसून आशीर्वाद देणारी. आता मोबाइलने तिसरी काढली आहे, विसरणारी, गमतीची. साधी, कधी चिडणारी, कधी हट्ट करणारी, डोक्याने चालणारी बाई त्यांना कुठेच नको आहे.

हे तंत्रज्ञानाचं पाप आहे असं मात्र मी म्हणणार नाही. आईंचं माहेर पेटलादचं. तिथून जवळ पीजला १९७५ मध्ये टीव्हीचा ट्रान्समीटर लागला, इस्रोच्या अहमदाबादच्या केंद्राने लावलेला. खेडा जिल्ह्यातल्या गावांत दूध मंडळीच्या, म्हणजे दुधाच्या सहकारी संस्थेच्या, दारात टीव्ही ठेवायचे आणि अख्खं गाव खाली बसून बघायचं. कार्यक्रमांत कितीदा गावातलीच माणसं असायची, आपली अडचण आपल्या तोंडाने सांगणारी. आई आजही त्याबद्दल बोलतात, आणि एकदम नीट बोलतात, तारखा सोडल्या तर. त्या माणसांना आपण टीव्हीवर आहोत हे माहीत होतं. त्यांना काही सांगायचं होतं. आमच्या आईंना पाडव्याच्या दिवशी काय सांगायचं होतं? चहा घ्या, एवढंच.

आता जे रीलमध्ये नाही ते सांगते. पुतण्या उठून गेल्यावर आई स्वयंपाकघरात आल्या. मी करंज्या डब्यात भरत होते. माझ्याजवळ उभ्या राहून अगदी हळू आवाजात विचारलं, "तो मुलगा हसला का ग? मी काही चुकीचं बोलले का?" तोपर्यंत मला फोनचं माहीत नव्हतं. मी म्हटलं, "नाही हो आई, त्याला तुमचा चहा आवडतो." त्या म्हणाल्या, "मग ठेव ना." आठवण राहत नाही त्या माणसाला अपमान कळत नाही, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा आमच्या स्वयंपाकघरात उभं राहावं. कशामुळे झाला ते त्या विसरल्या. पण त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत.

पुतण्याबद्दल खरं सांगायचं तर तो वाईट मुलगा नाही. आईंचे पाय चेपून देतो, नरसिंहजींचा वरघोडा, म्हणजे देवाची मिरवणूक, बघायला त्यानेच त्यांना खुर्ची नेऊन बसवलं, श्रीखंड भरवतो. त्याचं प्रेम खोटं नाही. पण या पिढीला प्रेम चार लोकांना दाखवल्याशिवाय पुरं झालं असं वाटतच नाही, आणि हे त्यांना शिकवलं कुणी? मुलाने पहिल्यांदा पाटावर बसून वरण-भात खाल्ला तर फोटो, बोर्डात नापास झाला तर बापाने ओरडतानाचा व्हिडिओ, सून माहेरी निघाली की डोळे पुसतानाचं स्टेटस. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉक बंद झालं तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. जुलैत रील्स आली आणि तेच सगळे तिकडे गेले.

दीर मला म्हणाले, "वहिनी, घरातलीच गोष्ट आहे, त्यात परवानगी कसली?" खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्यात कुठे लिहिलंय की हा हक्क त्र्याऐंशीव्या वर्षी संपतो? किंवा आठवण गेली की संपतो? घरातली गोष्ट होती ना, मग घरातच ठेवायची होती. आईवडिलांना सांभाळा म्हणून या देशाला २००७ मध्ये कायदा करावा लागला. आता त्यांची थट्टा करू नका म्हणूनही करायचा का?

हो, माझी नणंद टोरांटोत असते, व्हिडिओ कॉल नसता तर तिने आईंना तीन-तीन वर्षं पाहिलं नसतं. आणि डिमेन्शियाच्या माणसाशी वाद घालायचा नाही, त्याला "आठवतंय का?" असं विचारायचं नाही, हे मी डॉक्टरांच्या व्हिडिओंतूनच शिकले. मान्य. पण नणंद आईंशी बोलते, आईंना दाखवत सुटत नाही.

कुणी म्हणेल, तूही इथे लिहितेच आहेस की. लिहितेय. नाव नाही, फोटो नाही, आणि यांनी अक्षरन् अक्षर वाचून होकार दिलाय. गप्प बसले असते, पण मग उद्या मार्केटमध्ये आणखी दोन पोरं येतील.

पुतण्याने ते रील काढलं, मी सांगितल्यावर लगेच काढलं. पण ते आता त्याच्या हातात नाही. कुणी कुणी उतरवून घेतलंय, हिंदी ओळी चिकटवल्यात, एकाने तर विनोदी चित्रफितींच्या मालिकेत घातलंय. रिपोर्ट केलं तर उत्तर येतं, नियमांचा भंग आढळला नाही. म्हणून तुम्हा सगळ्यांना मागतेय. निळ्या काठाची पांढरी साडी, मागे काचेचं शोकेस, आणि "बसा, चहा ठेवते" असे शब्द. असं काही समोर आलं तर पुढे पाठवू नका, खाली हसू नका, रिपोर्ट करा आणि मला लिंक पाठवा. मी एकेकाला लिहिणार आहे.

दीर, जाऊबाई आणि पुतण्या, तिघंही हे वाचणार हे मला माहीत आहे. वाचा. राग आला तर फोन करा. रविवारी नेहमीसारखे जेवायला या, आईंना तुम्ही आलेलं आवडतं, ओळखलं नाही तरी आवडतं. मोबाइल मात्र गाडीत ठेवून या.