सूर्य व्हायचंय? आधी शिट्टी मारणारी माणसं ठेवा

तर मंडळी, डोक्यात अनियंत्रित राजा व्हायचं खूळ शिरलं असेल तर उगाच क्लास लावू नका, सरळ फ्रान्सच्या चौदाव्या लुईची कॉपी मारा. 1643 ला गादीवर आला तेव्हा पठ्ठ्या पाच वर्षांचाही नव्हता, आणि 1715 पर्यंत, म्हणजे तब्बल 72 वर्षं, काही उठला नाही.

स्वतःला सूर्य म्हणवून घ्या. हा चौदा वर्षांचा असताना दरबारी बॅलेमध्ये उगवता सूर्य बनून नाचला आणि मग तो रोल जन्मभर सोडलाच नाही. 'राज्य म्हणजे मीच' असं तो बोलल्याचा धड पुरावा नाही म्हणे, पण बोलायची गरज तरी काय होती?

आता तुमच्यापेक्षा भारी बंगला कुणी बांधला तर काय करायचं? अर्थखातं सांभाळणाऱ्या फुकेनं ऑगस्ट 1661 मध्ये नव्या वाड्यावर राजाला जंगी पार्टी दिली. बिचाऱ्याला वाटलं साहेब खूश होतील. तीन आठवड्यांत आत! कोर्टानं हद्दपारीची शिक्षा दिली, तर राजानं स्वतःचा खास अधिकार वापरून ती वाढवून जन्मठेप केली. आणि त्याचा आर्किटेक्ट, चित्रकार, बागवाला, तिघंही उचलून व्हर्सायला, स्वतःच्या राजवाड्यावर, कामाला लावले. वाया काही घालवायचं नाही.

सरदारांना मोकळं सोडू नका, रिकामटेकडा सरदार बंड करतो. त्यांना व्हर्सायला आणून ठेवा आणि रात्री तुम्ही कपडे बदलताना मेणबत्ती कुणी धरायची यावर झुंजवा. ज्यांच्या आजोबांनी राजाविरुद्ध तलवार उपसली ते आज मेणबत्तीसाठी ताटकळतायत, याहून स्वस्त बंदोबस्त नाही. बरं त्यांना मुख्य कर माफच असतो, तो भरायला शेतकरी आहेत की.

पण माझी सगळ्यात आवडती टीप कारंज्यांची. सेन नदीचं पाणी वर चढवायला मार्लीला 14 प्रचंड चाकं बसवली, तरी व्हर्सायच्या बागेतली सगळी कारंजी एकदम चालतील एवढं पाणी काही येईना. मग जुगाड असा की राजा फिरायला निघाला की माळी लपून शिट्टी मारणार, पुढचा कॉक सोडणार, राजा गेला की मागचा बंद. राजाला सगळीकडे पाणीच पाणी!

युद्धं मात्र भरपूर करा. पैसे संपले तर घरातलं चांदीचं फर्निचर वितळवा, त्यानं 1689 ला तेच केलं, भिंतीवरचे 357 आरसे तेवढे राहिले, तोंड बघायला.

आणि मरताना पाच वर्षांच्या पणतूला जवळ घेऊन सांगा, बाळा, बांधकामाचा आणि लढायांचा नाद माझ्यासारखा करू नकोस हं. पोराला काय कळतंय, आणि तुमचं तर सगळं करून झालेलंच असतं.