रॅमचे ते ‘पाच रामबाण उपाय’ कृपया करू नका

‘नवीन पीसी जोडला आणि डिस्प्ले नाही? रॅमचे पाच रामबाण उपाय’ हा मेसेज सध्या जिकडेतिकडे फिरतोय. खोडरबराने रॅमच्या पिना घासा. दहा सेकंदांत डिस्प्ले आला नाही तर पॉवर बंद करून परत चालू करा. रॅम कुठल्याही स्लॉटमध्ये चालते. निळी स्क्रीन आली तर बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये) व्होल्टेजच्या पानावर दिसतील ते आकडे १.४ करा. टास्क मॅनेजरमध्ये पूर्ण जीबी दिसले की रॅम ठणठणीत. माझ्या भाच्याने पैसे साठवून एएमडीचा रायझन ७ ७७०० प्रोसेसर घेतला, रॅमच्या १६ जीबीच्या चार स्टिक लावल्या आणि अडला तेव्हा त्याच्या हाती नेमका हाच मेसेज पडला. मला फोन केला तेव्हा स्वारी चौथ्या उपायापर्यंत पोचली होती.

चौथ्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीच्यांनी वेळ वाया जातो, याने प्रोसेसर जाऊ शकतो. डीडीआर५, म्हणजे भाच्याकडच्या पिढीच्या रॅमचा, मूळ व्होल्टेज १.१. एक्स्पो (रॅम खोक्यावर छापलेल्या वेगाने पळवणारी बायोसमधली सेटिंग) लावल्यावर बऱ्याच स्टिक १.३५ किंवा १.४ वर चालतात, म्हणजे आकडा कुठून उचललाय ते कळतं. पण तो रॅमचा आकडा आहे. बायोसमध्ये तिथेच आसपास एसओसी व्होल्टेजही असतो. मेमरी कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो, आणि हा व्होल्टेज त्याला मिळतो. २०२३ मध्ये रायझन ७००० चे प्रोसेसर, विशेषतः नावात एक्स३डी असलेले, सॉकेटमध्येच जळाल्याचे फोटो आले होते. एक्स्पो चालू केल्यावर काही बोर्ड हाच व्होल्टेज जास्त चढवत होते. मग एएमडीने नव्या बायोसमधून त्यावर १.३ ची मर्यादा घातली. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डावर जुनाच बायोस असला तर? ‘दिसतील ते आकडे’ म्हणे! असं लिहिताना हात कसा धजावतो?

बरं, निळी स्क्रीन का येते हे मेसेजवाल्याने पाहिलंच नाही. एएमडीच्या साइटवर ७७०० च्या माहितीत स्पष्ट दिलंय: दोन स्टिकना डीडीआर५-५२०० चा वेग, चार स्टिकना ३६००. खोक्यावर ६००० छापलेलं असतं ते त्या दोन स्टिकच्या किटपुरतं. दोन किट एकत्र करून चारही स्टिक ६००० वर पळवणं हे ओव्हरक्लॉकिंग आहे, म्हणजे ठरवून दिलेल्या वेगाच्या पलीकडे नेणं. चाललं तर चाललं. म्हणून आधी बायोस अपडेट करा, एक्स्पो बंद करा. निळी स्क्रीन थांबली तर दोन स्टिक काढून एकाच किटवर एक्स्पो लावून बघा. तिथेही जमलं नाही तरच रॅमवर संशय घ्या.

दहा सेकंदांचा सल्लाही तितकाच अडाणी. रायझन ७००० च्या बोर्डांवर पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग होतं, म्हणजे बोर्ड रॅमशी जुळवून घेतो. स्क्रीन काळी, बोर्डावरचा डीरॅमचा दिवा पेटलेला, आणि असं काही मिनिटं चालतं. चार स्टिक असतील तर आणखी जास्त. मध्येच पॉवर तोडली की सगळं पहिल्यापासून. पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका.

खोडरबराबद्दल एवढं मान्य करतो की कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं चाललेल्या मशीनमध्ये पिना साफ केल्याने फरक पडतो. पण कालच पाकिटातून काढलेल्या स्टिकवर काय साचलंय घासायला? काढून नीट, क्लिक होईपर्यंत बसवा, पुरे. स्लॉटचं म्हणाल तर दोन स्टिक असतील तेव्हा बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा आणि चौथा. मॅन्युअलमध्ये चित्र असतं. स्टिक अदलाबदल करूनही एकच चॅनेल (प्रोसेसर आणि रॅममधली एक वाट) गायब राहत असेल तर सॉकेटची पिन वाकलीय का, कूलर एका बाजूने जास्त आवळलाय का, ते बघा.

आणि टास्क मॅनेजर जीबी मोजून दाखवतो, रॅम तपासत नाही. ‘डीडीआर५ स्वतःच चुका सुधारते’ हेही त्या मेसेजमध्ये ठोकून दिलंय. ती सुधारणा चिपच्या आतल्या चुकांपुरती असते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय बिघडलं ते तिला कळत नाही. रॅम तपासणारा मेमटेस्ट८६+ हा प्रोग्राम फुकट आहे. पेनड्राइव्हवर घ्या, विंडोज टाकायच्या आधीच रात्रभर चालवा, नाहीतर खराब रॅममुळे फायली बिघडतात आणि दोष विंडोजला जातो. चूक दिसली तर एक्स्पो बंद करून एकेक स्टिक तपासा. तरीही एक जरी चूक आली तर स्क्रीनचा फोटो काढा आणि वॉरंटीत बदलून मागा. किटमधल्या दोन्ही स्टिक एकत्रच परत करा.